ज्ञानेश्वरीच्या चर्चेला बसताना

आषाढी जवळ आली. वारीला जाणारी मंडळी पडशी बांधू लागली. जी मागे गावी राहतील, त्यांच्या विठ्ठल मंदिरांतून एकादशीपासून ज्ञानेश्वरीचे वाचन लागेल ते थेट कार्तिकीपर्यंत चालेल. अशा दिवसांत धरणगावाजवळच्या एका खेड्यातील वडीलधारे वारकरी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "बुवा, यंदा आम्ही नुसतं वाचन ठेवणार. चर्चा बंद. मागल्या साली चर्चेपायी दोन घरांचं बोलणं तुटलं. देवाच्या दारी भांडण कशाला?"

त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. चहा झाला. परंतु 'बरोबर आहे तुमचं' असे काही आमच्या तोंडून निघेना. भांडण नको हे खरे. पण त्यासाठी विचारणेच बंद करावे, हे आमच्या मनास पटले नाही. का पटले नाही ते या लेखात सांगतो, आणि चर्चेला बसणाऱ्याने कसे बसावे, कसे बोलावे, याचाही थोडा विचार करतो. यात उपदेश कमी आणि कबुली जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

सज्जनहो, आपला ग्रंथ मुळात प्रश्नोत्तरांतूनच उभा राहिलेला आहे. अर्जुनाने विचारले नसते तर देव बोलले असते काय? आणि अर्जुन काही गोडगोडच विचारतो असे नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तोंडी तर तो सरळ तक्रार करतो की तुमच्या दुहेरी बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते. काय ते एक ठरवून सांगा. एवढे सांगून झाल्यावर पाचव्याच्या आरंभी स्वारी पुन्हा तिथेच! आमच्या मंडळात कोणी असा दुसऱ्यांदा विचारता, तर 'मागच्या वेळी झोपला होतात का' असे कोणीतरी म्हटलेच असते. देव म्हणाले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितले. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची वाट सांगताना नमस्कार, प्रश्न आणि सेवा अशी तीन साधने दिली आहेत. त्यांत प्रश्न मधोमध बसविला आहे. अलीकडे नमस्कार, पलीकडे सेवा, असा दोन्ही बाजूंनी धरलेला प्रश्न कोणाला लागत नाही. हे दोन काठ सुटले म्हणजे मात्र त्याचा दगड होतो.

आता आमची कबुली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळात चातुर्मासाचे वाचन चालू होते. सुमारे नऊ हजार ओव्या चार महिन्यांत पुऱ्या करावयाच्या म्हटले की रोजच्या वाट्याला पाऊणशे ओव्या येतात. म्हणजे घाई आलीच. आठव्या रात्री दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे आली. कासव जसे आपले अवयव आवरून घेते, तसा ज्ञानी पुरुष इंद्रिये आवरतो, हा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा. वाचणारे पुढे जाऊ लागले, तोच दारापाशी बसलेले एक शेतकरी गृहस्थ बोलले. गिरणाकाठी त्यांची थोडी कपाशीची जमीन. लिहिणे-वाचणे नाही, पण हरिपाठ तोंडपाठ. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "कासव ते घाबरीसन डोकं मझार लेस. मंग ग्यानी मानूस बी घाबरेल ऱ्हास का?"

म्हणजे, कासव तर भीतीने डोके आत घेते. मग ज्ञानी माणूससुद्धा भ्यालेला असतो काय?

वाचकहो, प्रश्न केवढा मोठा आहे पाहा! पण त्या रात्री तो कोणी पाहिला नाही. पुढे बसलेल्या एका शिकलेल्या माणसाने मान वळवली आणि म्हटले, "अहो, आधी 'ज्ञानी' म्हणायला तर शिका!" मंडळी हसली. आम्हीही हसलो. हसून झाल्यावर वाचन पुढे चालले, पाऊणशे ओव्या पुऱ्या झाल्या, आरती झाली. ते गृहस्थ आरतीला उभे राहिले, प्रसाद घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. कोणी म्हणाले, निंदणी चालू असेल. आम्हांलाही तेच सोयीचे वाटले.

इथे आम्हांस मुक्ताईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्या खानदेशची तर ती माहेरवाशीणच. तापीकाठच्या मेहूणला १२९७ साली ती गुप्त झाली असे आपण मानतो, आणि कोथळीहून तिची पालखी दर आषाढीला महिन्याहून अधिक चालून पंढरीस जाते. तिच्या नावाचे 'ताटीचे अभंग' आपल्याकडे घरोघर म्हटले जातात. प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्याने पुढे भगवद्गीता मराठीत आणली, त्यालाही माणसाचे बोलणे लागले! तेव्हा चार वर्षांनी धाकटी असलेली बहीण दारापाशी गेली आणि ताटी उघडा म्हणून विनवू लागली.

यातून आपण काय घेतो? बहुतेक लोक एवढेच घेतात की, साधकाने लोकांचे बोलणे सोसावे. खरे आहे, अभंगांचा तोच भाव आहे. पण तो भाव कोणी कोणाला सांगितला हे आपण विसरतो. मुक्ताईने स्वतः ज्ञानदेवांना दुखावले नव्हते. ती त्यांच्याबरोबरच लोकांचे बोल खाणारी होती. म्हणून 'सोसा' म्हणण्याचा तिला अधिकार होता. ज्याने दगड मारला त्यानेच जखमी माणसाला क्षमेचे प्रवचन द्यावे, हे कोणत्या अध्यायात बसते? आमच्या मंडळात नेमके तेच झाले. चार दिवसांनी त्या गृहस्थांचा विषय निघाला, तेव्हा एकजण म्हणाला, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. वारकऱ्यानं सोसावं." बोलणारा कोण होता, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, चर्चेचे नियम हे विचारणाऱ्यासाठी नंतर आणि जाणत्यासाठी आधी आहेत. ज्याला संथा आहे, ज्याची वाणी चालते, ज्याला लोक मानतात, त्याने आपल्या जिभेवर अधिक चौकी ठेवावी. अडाण्याच्या चुकीने एक शब्द बिघडतो. जाणत्याच्या टोमण्याने माणूस जातो.

यावर कोणी गोरोबाकाकांचा दाखला देतील. संतमंडळी जमली होती, मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. मग आम्ही एखाद्याला कच्चा म्हटले तर बिघडले कुठे? अहो, पण काकांनी ठोकले ते सगळ्यांनाच, एकट्या नामदेवांना नव्हे. आणि पुढे काय झाले ते पाहा. नामदेव रडत पंढरीस गेले, देवाजवळ गाऱ्हाणे केले, आणि देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. कच्चे म्हटले तिथे भाजण्याची सोयही झाली. आपल्याकडे ठोकणारे पुष्कळ, भट्टी लावणारा एक नाही.

तसेच चांगदेवांचे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचे देऊळ आहे, खानदेशातील बहुतेकांनी पाहिलेले असेल. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले, पण मायना सुचेना. वयाने पाहिले तर पोर, म्हणून 'चिरंजीव' लिहावे. ज्ञानाने पाहिले तर वडील, म्हणून 'तीर्थरूप' लिहावे. शेवटी कोरा कागदच पाठविला. आम्हांस वाटते, त्या कोऱ्या कागदात अहंकार होता तशी थोडी सभ्यताही होती. समोरच्याला काय म्हणावे हे कळेना, तेव्हा भलतेच म्हणण्यापेक्षा त्यांनी जागा मोकळी ठेवली. मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला! बोलणे तिखटच. पण तीच मुक्ताई पुढे त्यांची गुरू झाली आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. तिखट बोलावयाचे असेल त्याने शिकविण्याचे ओझेही डोक्यावर घ्यावे. ते घेण्याची तयारी नसेल तर गप्प बसावे.

संबोधनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दिंडीत आपण एकमेकांना 'माउली' म्हणतो. पाणी देणारा माउली, वाट विचारणारा माउली, पायावर पाय पडला तरी 'माउली, चुकलं.' वयाचा, जातीचा, शिक्षणाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतो. तीच माणसे गावी येऊन चर्चेला बसली की 'अहो पाटील' आणि 'काय रे अमक्या' सुरू! निदान ग्रंथ उघडा असेपर्यंत तरी दिंडीतले बोलणे ठेवावे. अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले झाले. मंदिरात सर्वांना पाऊल ठेवता आले, मग चर्चेत सर्वांना तोंड उघडता येऊ नये काय?

आणि स्त्रियांचे काय? त्या मागे बसतात, सर्वांआधी येतात, उशिरा जातात, आणि त्यांना कोणी विचारीत नाही. जळगावाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी त्यांचे बोल ऐकून टिपून ठेवले म्हणून १९५२ साली ते पुस्तक होऊन महाराष्ट्राला मिळाले. आपल्या मंडळाच्या मागल्या ओळीत कोण बसले आहे हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे! चर्चा चालविणाऱ्याने एकदा तरी मान उंच करून मागे पाहावे आणि 'बाई, तुम्हांला काय वाटतं?' असे विचारावे. उत्तर नाही आले तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येते.

आता बोलण्याच्या पाळीविषयी. हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, नमस्कार करतो, वीणा गळ्यात घेतो. कोणी दुसऱ्याच्या गळ्यातून वीणा ओढून घेतल्याचे आम्ही आजवर पाहिले नाही. आणि आपला पहारा संपल्यावरही 'मी देत नाही' म्हणून अडून बसलेलाही पाहिला नाही. चर्चेत मात्र दोन्ही रोज पाहतो. एकाचे वाक्य अर्धे असताना दुसरा तोंड घालतो. आणि एखाद्याने एकदा बोलायला घेतले की आरतीची वेळ टळते तरी सोडीत नाही. ज्ञानदेवांसारख्यांनीसुद्धा तेराव्या अध्यायात विस्तार फार झाला म्हणून श्रोत्यांची समजूत घातली आहे. आपण कोण? बोलणे म्हणजे गळ्यात आलेली वीणा समजावी. घ्यावी, वाजवावी, नमस्कार करून पुढच्याला द्यावी.

ग्रंथाचे शब्द आणि आपले शब्द एकात एक मिसळू नयेत, हेही फार महत्त्वाचे. काळाच्या ओघात ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठ बिघडले होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ते शुद्ध केले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये अशी ताकीद दिली. ओवी घालण्याइतके आपण मोठे नाही, ठीक आहे. पण 'माउलींनी असं म्हटलंय' असे म्हणून स्वतःचे मत खपविणारे आपल्यात थोडे आहेत काय? अर्थ सांगताना 'हे ग्रंथात आहे' आणि 'हे माझ्या बुद्धीला वाटते' अशी दोन पाटीवरची दोन अक्षरे वेगळी दाखवावीत. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो' म्हणावे. तेवढ्याने कोणाचा फेटा खाली पडत नाही. आणि उद्या खरोखर पाहून यावे, हे मात्र विसरू नये.

ग्रामपंचायतीची निवडणूक, बांधाचे भांडण, सोयरिकीतील रुसवे हे चपलांबरोबर बाहेर ठेवावेत. खिशातील फोनचा गळा आधीच दाबून ठेवावा. याहून अधिक त्यावर काय लिहावे!

पण समजा, इतके सांभाळूनही वाद झाला, कोणी दुखावला. मग? इथे आम्हांस आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीतील समाजआरतीची रीत सर्वांत मोलाची वाटते. ज्यांनी वारी केली त्यांनी ती पाहिली आहे. न पाहिलेल्यांसाठी सांगतो. या सोहळ्याला शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले सरदार, म्हणून दिंड्यांच्या चालण्यात फौजेची शिस्त आणि वारकऱ्याचा भाव दोन्ही आले. पालखी मुक्कामाच्या तळावर आली की दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. मग चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. इतका मोठा समाज त्या एका खुणेने गप्प होतो, तो देखावा पाहिल्याशिवाय कळावयाचा नाही.

पण मर्म पुढेच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ! चोपदार तिकडे जातो, काय झाले ते विचारतो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, त्याचा निवाडा होतो, आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात, आणि शेवटी आरती. आधी गाऱ्हाणे, मग आरती, हा क्रम आहे. दमून आलेला तेवढा समाज उन्हातान्हात एका दिंडीसाठी थांबतो. 'तुमचं नंतर बघू, आता आरतीला उशीर होतोय' असे तिथे चालत नाही. आणि चोपदाराच्या हातात चोप आहे, पण तो उगारण्यासाठी नाही.

आमच्या मंडळात त्या रात्री उलटे झाले. एकाचे टाळ वाजत होते ते कोणाला ऐकू आले नाही, आणि आम्ही आरती करून मोकळे झालो. बरे, जो अहिराणीत एकदा बोलला आणि हसे झाला, तो पुन्हा टाळ मोठ्याने कशाला वाजवील? तो गप्प घरी जातो. म्हणून प्रत्येक मंडळाने एक चोपदार नेमावा असे आम्ही सुचवितो. तो विद्वान नसला तरी चालेल, किंबहुना नसावाच. त्याचे काम एवढेच की, कोणाचे वाक्य तुटले, कोणाचा चेहरा उतरला, कोण दोन दिवस आले नाही, याकडे लक्ष ठेवावे आणि आरतीपूर्वी बोलून दाखवावे. कोणी आले नाही तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जावे. आम्ही चार महिने लावले.

होय, चार महिने. कार्तिकी झाल्यावर, वाचन संपल्यावर, आमच्यातील एक म्हातारे माळकरी म्हणाले, "समाप्ती झाली, पण एक प्रश्न राहिला आहे." मग आम्ही तिघे त्या गृहस्थांच्या शेतावर गेलो. ज्यांनी तो शब्द काढला होता तेही बरोबर होते. आम्ही त्यांना ओढून नेले नाही, ते आपणहून आले, हे सांगणे न्यायाचे आहे. कपाशीची वेचणी चालू होती. गृहस्थांनी कळशीतले पाणी दिले, बांधावर बसविले, भावाची चौकशी झाली, बोंडअळीवर बोलणे झाले. त्या दिवसाविषयी कोणी बोलेना. शेवटी त्या शिकलेल्या गृहस्थांनीच टोपी काढली आणि म्हणाले, "नाना, त्या रात्री माझं चुकलं. तुमचा प्रश्न मी चार महिने डोक्यात घेऊन हिंडतोय."

मग त्यांनी सांगितले की घरी जाऊन त्यांनी ती ओवी पुन्हा पाहिली. ज्ञानदेवांनी तिथे कासवाच्या भीतीचा शब्दसुद्धा काढलेला नाही. कासव प्रसन्न असते तेव्हा अवयव पसरते आणि मनात येईल तेव्हा आपल्याच इच्छेने आवरून घेते, असे म्हटले आहे. म्हणजे तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर माउलींनी आधीच देऊन ठेवले होते. भिऊन आत जाणे वेगळे, आपल्या खुशीने आत जाणे वेगळे. ओवी समोर उघडी होती आणि आम्ही पाऊणशेचा हिशेब पुरा करीत होतो! आमच्यापैकी कितीतरी जणांनी ती ओवी वर्षानुवर्षे वाचलेली. पण कोणाच्या डोळ्यांत हा फरक भरला नव्हता. ज्याने नदीत कासव पाहिले होते त्याच्या शंकेमुळे तो दिसला. तेव्हापासून आमच्या मंडळाने चार महिन्यांत समाप्तीचा हट्ट सोडला आहे. ग्रंथ दोन चातुर्मास चालतो. कोणी हसतात. हसोत.

नानांनी सगळे नीट ऐकून घेतले. हातातला कापूस फडक्यात टाकला. थोडा वेळ नदीकडे पाहिले, मग म्हणाले, "माउलीनं कासव तसं व्हई. पन नदीनं कासव ते घाबरसच ना, भाऊ!"

पुढच्या एकादशीला ते आले. दारापाशी बसत होते तिथेच बसले. पुढे या म्हटले तर नको म्हणाले. वारा लागतो इथे, बरे वाटते, म्हणाले. त्या रात्री आम्ही ग्रंथ उघडला तो पुन्हा दुसऱ्या अध्यायातील त्याच ओवीवर, आणि नदीचे कासव भिते की नाही यावर आरतीपर्यंत बोलणे चालले.